मदत हवी आहे: एखादा पक्ष 'बदलला' हे नेमकं कशावरून ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात पुढच्या महिन्यात राजकीय पक्षांच्या बदलत्या विचारसरणीवर मला बोलायचं आहे. सोबत सगळ्यांना एक तक्ता द्यायचा विचार आहे, उभे पक्ष आणि आडवी दशकं. वाचन बऱ्यापैकी झालंय, पण चौकटींत काय भरायचं इथेच गाडी अडली आहे. नाव तेच राहून पक्ष बदलतो म्हणजे त्याचा जाहीरनामा बदलतो, त्याचे मतदार बदलतात, की भांडणाचा मुद्दाच बदलतो? या गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

नावावर विसंबून चालत नाही, एवढं तर लगेच कळतं. ऑस्ट्रेलियातला लिबरल पक्ष तिथला मुख्य उजवा पक्ष आहे, पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्षही मध्यापासून उजवीकडेच. भारतात १९८९ पासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, त्यामुळे त्या वाक्यावरून एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही.

मी सगळ्यात जास्त अडकले आहे ती अमेरिकेपाशी. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, लिंकन याच पक्षाचे. 'पुढे दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या' असं सर्रास म्हटलं जातं आणि वर्ष दिलं जातं १९६४. आता त्या वर्षीच्या, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर प्रतिनिधीगृहात झालेलं पहिलं मतदान बघा. रिपब्लिकन १३८ बाजूने, ३४ विरोधात. डेमोक्रॅट १५२ बाजूने, ९६ विरोधात. वरवर पाहता, प्रमाणाने रिपब्लिकनांचा पाठिंबा जास्त. पण यादवी युद्धाच्या वेळी फुटून निघालेली ११ दक्षिणी राज्यं बाजूला काढली की चित्र पालटतं. उरलेल्या देशात डेमोक्रॅट १४५ विरुद्ध ९, रिपब्लिकन १३८ विरुद्ध २४. दक्षिणेत डेमोक्रॅट ७ विरुद्ध ८७, रिपब्लिकन ० विरुद्ध १०. म्हणजे प्रमाण काढलं तर दोन्हीकडे डेमोक्रॅटांचाच पाठिंबा अधिक, आणि बेरजेत मात्र तो कमी, कारण दक्षिणेतल्या बहुतेक सगळ्या जागा त्यांच्याकडे होत्या! पक्षाची 'भूमिका' म्हणून जे मी एका चौकटीत लिहायला निघाले होते, ते एका पक्षाचं मत नव्हतंच. एका नावाखाली दोन प्रदेश नांदत होते.

बरं, बदल त्या एका वर्षात झाला असंही नाही. उत्तरेतले कृष्णवर्णीय मतदार १९३६ च्या निवडणुकीतच, अध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डीलच्या, म्हणजे मंदीतल्या सरकारी मदत योजनांच्या काळात, मोठ्या संख्येने डेमोक्रॅटांकडे आले होते. १९६४ मध्ये या कायद्याविरुद्ध मत दिलेल्या बॅरी गोल्डवॉटर यांनी रिपब्लिकनांकडून अध्यक्षपदासाठी लढताना दक्षिणेतली ५ राज्यं जिंकली आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट सिनेटर स्ट्रॉम थरमंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. पण १९७६ ला जिमी कार्टर यांनी व्हर्जिनिया सोडून जुनी दक्षिण पुन्हा डेमोक्रॅटांकडे खेचली. प्रतिनिधीगृहातल्या दक्षिणेच्या निम्म्याहून अधिक जागा रिपब्लिकनांकडे गेल्या त्या थेट १९९४ मध्ये. मग तक्त्यात रेघ मारायची ती कुठे?

ब्रिटनचं कोडं वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकातले पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा उदारमतवादी पक्ष सरकारी खर्च आवरण्यासाठी झगडायचा. त्याच पक्षाच्या सरकारने १९०८ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला आणि १९०९ च्या अर्थसंकल्पात श्रीमंतांवरचे कर वाढवले. मुक्त व्यापाराचा आग्रह मात्र दोन्ही काळांत तसाच! पक्ष बदलला म्हणू की टिकला? युरोपचं तर विचारूच नका. १९७५ च्या सार्वमतात हुजूर पक्षाच्या थॅचरबाई युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) राहण्यासाठी प्रचार करत होत्या, आणि १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्ष बाहेर पडण्याचं आश्वासन देत होता. पुढे युरोपविरोधाचा मुक्काम हुजूर पक्षात पडला.

जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटांनी १९५९ मध्ये गोडेसबर्ग इथे मार्क्सवाद अधिकृतपणे मागे ठेवला, ब्रिटिश मजूर पक्षाने १९९५ मध्ये पक्षघटनेतलं उद्योगांच्या सामाईक मालकीचं कलम बदललं. अशा ठिकाणी निदान तारीख तरी हातात येते. न्यूझीलंडच्या मजूर सरकारने १९८४ नंतर शेतीची अनुदानं काढली, चलनाचा दर बाजारावर सोडला; तिथे बदल कागदावर शोधण्यापेक्षा कारभारात शोधावा लागतो.

आता नेमके प्रश्न. पूल आणि रोझेंथल या अभ्यासकांची अमेरिकन काँग्रेससाठीची (तिथल्या संसदेसाठीची) पद्धत कोण कुणाबरोबर मत देतं यावरून प्रत्येक सदस्याची जागा ठरवते. त्या पट्टीवर १८८० चा आणि १९८० चा सदस्य शेजारी ठेवता येतो का, की फक्त जवळच्या काळांचीच तुलना करावी? मॅनिफेस्टो प्रोजेक्ट या संशोधन प्रकल्पातले लोक अनेक देशांतल्या पक्षांच्या १९४५ पासूनच्या जाहीरनाम्यांतली वाक्यं ठरावीक विषयांत मोजतात, पण त्यांच्या पट्टीत कोणता विषय डावा आणि कोणता उजवा हे आधीच ठरलेलं असतं. युरोपसारखा मुद्दा एका बाजूकडून दुसरीकडे जातो तेव्हा तिथे काय करायचं? यावर कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

माझा कल सध्या तक्ता आडवा-उभा फिरवण्याकडे आहे. पक्षाऐवजी मुद्दा घ्यायचा, उदाहरणार्थ मुक्त व्यापार किंवा नागरी हक्क, आणि त्या मुद्द्यावर कोणत्या प्रदेशातला, कोणत्या वर्गातला माणूस कुठल्या नावाखाली उभा होता ते दशकवार भरायचं. याने नवख्या वाचकाला पक्षाचा इतिहास जास्त नीट दिसेल असं मला मनापासून वाटतं. यात काही गफलत दिसत असेल तर आत्ताच सांगा, कारण या आठवड्यात मी भरायला सुरुवात करणार आहे.