एसएस शीटसाठी वाइड बेल्ट सँडर घ्यायचाय, एक हेड घेऊ का दोन?

शीटवाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे लेझर कटिंगचे जॉब असतात, जास्त करून 304 ची (स्टेनलेस म्हणजे एसएसचा ग्रेड) 1 ते 3 मिमी शीट, थोडं एमएस (साधं लोखंडी स्टील) आणि अधूनमधून ॲल्युमिनियम. आत्तापर्यंत दोन पोरं ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्क घेऊन बर (कटिंगनंतर कडेला राहणारी धातूची धारदार कूस) काढतात पण प्रत्येकाचा हात वेगळा, दोन पॅनल शेजारी लावले की कस्टमर लगेच फरक दाखवतो. म्हणून वाइड बेल्टचा (सँडपेपरच्या रुंद फिरत्या पट्ट्याखालून शीट सरकवून घासणारं मशिन) विचार चाललाय. एक हेड (बेल्ट आणि त्याचा ड्रम मिळून एक संच) पुरेल का दोन? ड्राय का कूलंटवालं (शीट गार ठेवायला पाणी सोडणारं)? आणि लाकडाचं एक जुनं वाइड बेल्ट मशिन स्वस्तात मिळतंय, त्यावर मेटल चालवलं तर काय बिघडतं? सगळ्यात छोटा जॉब 60 मिमीचा आहे.

ड्रमरोलर
लाकडाच्या मशिनचं आधी डोक्यातून काढा. धूळ ओढणाऱ्या डक्टमध्ये वर्षानुवर्षांचा भुसा चिकटलेला असतो, त्यात एमएसची एक ठिणगी गेली की काम तमाम. शिवाय त्या मशिनचा बेल्ट लाकडाच्या हिशोबाने जोरात फिरतो, तेवढ्या स्पीडला 1 मिमीची 304 तापून निळी पडते आणि पापडासारखी वाकते.

आता मुद्द्याचं. तुम्हाला बर काढायचाय का फिनिश द्यायचंय हे आधी ठरवा, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि सेल्सवाला दोन्ही एकाच ब्रोशरवर दाखवतो. ड्रम (बेल्ट ज्यावर फिरतो तो रोलर) उभा बर कापतो हे खरं, पण उरलेला थोडा बर आडवा पाडून भोकात ढकलतो. वरून शीट एकदम चकाचक दिसते आणि भोकाच्या आतून नख फिरवलं की अडकतं. कड गोल करून हवी असेल तर पुढे फिरत्या ब्रशचं हेड लागतं, नुसत्या बेल्टने कड गोल होत नाही उलट अजून धारदार होते. आणि शीट घालताना बरवाली बाजू वर ठेवा, लेझरमध्ये ती खाली असते त्यामुळे पोरं हमखास उलटी घालतात.

हेडचं म्हणाल तर रोज बर आणि फिनिश दोन्ही असेल तर दोन घ्या, पहिल्याला कडक रबरचा ड्रम आणि 120 ग्रिटचा बेल्ट (आकडा मोठा तेवढा दाणा बारीक), दुसऱ्याला मऊ ड्रम आणि 180 किंवा 240. काम कमी असेल तर एका हेडवर बेल्ट बदलून दोन पास मारा, बेल्ट बदलायला काही मिनिटं लागतात फक्त. पातळ शीट भरपूर असेल तर कूलंटवालं बरं पडतं, पण मग पाणी गाळा, शीट धुवा, वाळवा, हे सगळं मागे लागतं.

60 मिमीचं मात्र नीट बघा. शीट दाबून धरणाऱ्या प्रेशर रोलरमधलं अंतर जॉबपेक्षा जास्त असेल तर मधे तुकडा कुणीच धरत नाही आणि बेल्ट तो मागे भिरकावतो. माझ्यासमोर एक तुकडा मागच्या पत्र्यात रुतलाय, तेव्हापासून फीडच्या समोर मी उभा राहत नाही. मॅग्नेट बेड 304 ला धरत नाही, व्हॅक्यूम बेड घ्या, आणि भोकं जास्त असलेला छोटा जॉब तोही सोडतो, म्हणून स्वतःचे तुकडे नेऊन ट्रायल घ्या, त्यांच्या सॅम्पलवर अजिबात जाऊ नका.

बारीकबुकणी
ॲल्युमिनियमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. त्याच मशिनवर सकाळी एमएस आणि दुपारी ॲल्युमिनियम असलं काही करू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि गंज एकत्र म्हणजे थर्माइटचं मिश्रण (पेटलं की प्रचंड उष्णतेने जळतं), वर एमएसची ठिणगी, अजून काय पाहिजे. नुसती ॲल्युमिनियमची धूळसुद्धा हवेत उडाली तर स्फोट होतो. त्याला वेगळं मशिन आणि धूळ पाण्यात पकडणारा कलेक्टर लागतो, आणि त्यातला गाळ बंद डब्यात भरून ठेवू नका कारण पाण्याशी हायड्रोजन सुटतो. माझं मत विचाराल तर तेवढं काम बाहेरून करून घ्या.

एमएस आणि एसएसलाही बेल्ट वेगळे ठेवा बरं का. एमएसवर चाललेला बेल्ट 304 वर फिरवला की लोखंडाचे कण शीटमध्ये बसतात आणि थोड्या दिवसांनी गंजाचे ठिपके उठतात, मग कस्टमर म्हणतो तुम्ही 304 दिलंच नाही.

शीटवाला
लाकडाचं कॅन्सल. काल शीट घेऊन एके ठिकाणी ट्रायल मारून आलो, व्हॅक्यूमवर 60 मिमीवाला बसला, पण त्यातलाच जाळीसारखा जॉब हलला. आणि शीटवर आडव्या बारीक रेघा येतायत एकसारख्या अंतरावर, ऑपरेटर म्हणतो बेल्ट नवा आहे, बसेल हळूहळू. खरंय का?

ड्रमरोलर
बसेल वगैरे काही नाही, रेघांमधलं अंतर मोजा. समजा बेल्ट 1900 मिमी लांब, स्पीड सेकंदाला 15 मीटर, म्हणजे बेल्टचा जोड सेकंदाला साधारण 8 वेळा शीटवरून जातो. फीड मिनिटाला 4 मीटर असेल तर एका सेकंदात शीट सरकते 67 मिमी, म्हणजे रेघा सुमारे साडेआठ मिमीवर आल्या तर जोड जाड आहे, बेल्ट बदला. 200 मिमी व्यासाचा ड्रम असेल आणि रेघा 3 मिमीच्या आतबाहेर असतील तर ड्रमच वाकडा आहे किंवा बेअरिंग गेलंय.

शीटवाला
आत्ताच मोजलं, स्केलवर दहा रेघा घेतल्या तर 27 मिमी भरले. बेल्ट, ड्रम आणि फीड जवळपास तुम्ही सांगितलेलेच होते. म्हणजे ड्रम. उद्या त्यांना ड्रमला डायल (वाकडेपणा मोजायचं गेज) लावून दाखवायला सांगतो, मग बोलू.