‘ॲप्रोप्रिएशन’ला मराठीत हडप म्हणायचं की विनियोग?

खाडीकाठ: ‘कल्चरल ॲप्रोप्रिएशन’साठी ‘सांस्कृतिक विनियोग’ वाचलं की दात शिवशिवतात. मूळ लॅटिन बघा: ‘आद’ म्हणजे कडे, ‘प्रोप्रियुस’ म्हणजे स्वतःचं. परक्याचं आपलं करणे, मराठीत हडप. आपले खोत घ्या. काम सारावसुलीचं, पण मक्ता वंशपरंपरा झाला आणि गावच खोताचं ठरत गेलं. १९३७ला आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

गडनदी: लॅटिनात ‘परक्याचं’ कुठे आहे? ते तुम्ही घुसडलंत. संविधानाचं कलम २०४ काढा. विधानसभेने मागण्या मंजूर केल्या तरी विनियोजनाचा, म्हणजे ॲप्रोप्रिएशनचा, कायदा होईस्तोवर राज्याच्या एकत्रित निधीतून रुपया हलत नाही. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे पैसे बंधाऱ्यालाच. संध्येत ‘प्राणायामे विनियोगः’ म्हणतात ते हेच: अमुक मंत्र अमुक कामाला नेमला.

खाडीकाठ: संध्या राहू द्या. मध्ययुगीन इंग्लंडात गावच्या चर्चचं उत्पन्न मठाच्या नावे करत, त्यालाही हाच शब्द. कायदेशीर होतं, तरी गावच्या ताटातलं गेलंच की!

गडनदी: गेलं, पण कागद करून. लबाडीसाठी इंग्रजीला पुढे ‘मिस’ लावून ‘मिसॲप्रोप्रिएशन’ करावं लागतं: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, आपल्याकडे अपहार. शब्दच हडप असता तर उपसर्ग कशाला?

कलमी: हापूस विसरलात दोघंही. नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात. आपण ते वाकवून ‘हापूस’ केलं. याला आत्मसात करणं म्हणतात. २०१८ला भौगोलिक मानांकन मिळालं ते नावाला, झाडाला नव्हे. तेच कलम कर्नाटकात लावा, गुन्हा नाही. पण वरचा थर देवगडचा, खालचे बाहेरचे आणि पेटीवर ‘देवगड हापूस’, ही निव्वळ तोतयेगिरी. तिला ॲप्रोप्रिएशन म्हणून उगाच मोठेपणा देऊ नका.

खाडीकाठ: आत्मसात मान्य. पण वारली चित्रं ना विचारता, ना श्रेय देता साड्यांवर छापतात, तो काय विनियोग?

गडनदी: नाही. तिथे ‘बळकावणे’ लिहा, खुशाल. पण म्हणून विधिमंडळात ‘हडप विधेयक’ मांडायचं?

खाडीकाठ: मार्चअखेरची बिलं बघून सांगतो.