अनुभव धागा: इलेक्ट्रिकल इंजिनीयरिंगला किती घातले आणि कधी निघाले?

यावलकर काका

भावाच्या मुलीला कॅपच्या (सरकारी प्रवेश फेरीच्या) पहिल्या राऊंडला इलेक्ट्रिकल लागलंय, जळगावलाच, प्रायव्हेट कॉलेज. आता फ्रीज करायचं, म्हणजे हीच जागा पक्की करायची, का बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या राऊंडला, जायचं यावरून घरात तीन दिवस झाले ताटावर बसलं की वाद. भावाला कॉम्प्युटर पाहिजे, पोरीला इलेक्ट्रिकलच पाहिजे, आणि आमच्या वडिलांना अजून डीएड पाहिजे. केळीत यंदा काही राहिलं नाही, भाव उतरला तेव्हाच आमचा माल कापणीला आला, त्यामुळे चार वर्षांचा आकडा आधी समजला तर बरं. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा: एकूण किती लागले, पहिला पगार किती, घातलेले कधी निघाले. साडूच्या मेव्हण्याचा पोरगा अमेरिकेत काय करतो ते नको. पैशाचं खरं लिहायला लाज वाटत असेल तर गावाचं नाव नका टाकू.

वाळूजचा पाहुणा

काका, मी २०१४ ला पास झालो, प्रायव्हेटमधूनच. बँकेतून दर वर्षी १ लाख असं ४ लाख उचललं, ११ टक्क्यांनी. मला वाटायचं नोकरी लागेपर्यंत व्याज बंद असतं. बंद नसतं, फक्त मागत नाहीत. चार वर्षं शिक्षण अन् वर एक वर्ष सवलत, तेवढ्यात ४ चे साडेपाच लाख झाले आणि हप्ता बसला साडेनऊ हजार. पहिला पगार ११ हजार, वाळूजला पॅनेल बनवायच्या शॉपमध्ये, काम काय तर दिवसभर वायरच्या टोकाला लग दाबून बसवायच्या आणि वायरवर फेरूल (नंबराच्या रिंगा) चढवायचे, जे काम शेजारी बसलेला आयटीआयवाला माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने करायचा. उरलेल्या दीड हजारात काय होतं, वडील दर महिन्याला गावाकडून गहू-दाळ पाठवायचे अन् वर रूमचं भाडं भरायचे. २६ वर्षाच्या पोराला. ते दिवस आठवले की अजून घास अडकतो.

मग पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) शिकलो, क्लासला नाही, नवीन मशीन चालू करून देणाऱ्या एका साहेबाची बॅग उचलून. तिथून गाडी रुळावर आली. लोन फिटायला सात वर्षं लागली, आता चाकणला आहे, बरं आहे. एक गोष्ट मात्र लिहून ठेवा: घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर त्या मधल्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना तेव्हाही होती. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तहसीलचा एक दाखला काढायचा होता, दीड लाख वाचवणारा दाखला.

भुसावळची

काका, मुलगी आहे ना? मग आधी हे बघा. जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे. डेव्हलपमेंट फी वगैरे कॉलेज मागेल ते वेगळं, ते आत्ताच लेखी विचारून घ्या. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर हे मिळत नाही. म्हणजे तुमचा खरा खर्च हॉस्टेल-मेस, नाहीतर एसटीचं अर्धं तिकीट.

माझं सांगते. दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निक, फी वर्षाला सात-आठ हजार, डब्बा घरचा. मग सगळ्या मैत्रिणी डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेल्या म्हणून मीपण गेले, तीन वर्षं आणि तीन-सव्वातीन लाख. अन् नोकरी लागली रेल्वेत जेईची (ज्युनिअर इंजिनियर), जिला डिप्लोमाच लागतो! मूळ पगार ३५,४०० ने सुरू, वर डीए वगैरे, पैसे दीड वर्षात निघाले. पण डिग्री केली नसती तर तीन वर्षं आधी परीक्षेला बसले असते हे गणित मला फॉर्म भरताना दिसलं. डिग्रीचा उपयोग झालाच नाही असं नाही म्हणत, मशीन्स आणि प्रोटेक्शन हे विषय मला डिग्रीतच नीट समजले. मी ओएचईला आहे, म्हणजे रुळाच्या वर जी २५ हजार व्होल्टची तार असते ती.

डीओ उडाला

मी इंजिनियर नाही, आधीच सांगतो, हाकलायचं तर हाकला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं, मग अप्रेंटिस, मग महावितरणात विद्युत सहाय्यक. सहाय्यक म्हणजे तीन वर्षं ठरलेलं मानधन, त्यानंतर तंत्रज्ञ. घरून एकूण ४० हजार पण नाही लागले. माझ्या वर्गातला मित्र बारावी करून डिग्रीला गेला, तो आज आमच्याच लाईनला अभियंता आहे. तो ऑफिसातून लाईन बंद असल्याचं परमिट देतो, मी पोलवर झंपर (तारा जोडणारा तुकडा) बांधतो. पगार त्याचा जास्त आहेच. पण त्याच्या आधी सहा वर्षं मी कमवत होतो, त्यात माझं घराचं पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब पडला.

पण काका, ही बाजू पण बघा. जूनचा पहिला वादळी पाऊस, रात्री दोनला ११ केव्हीचा फीडर (११ हजार व्होल्टची लाईन) गेलेला, केळीच्या बागेतून गुडघाभर चिखलात पेट्रोलिंग, आणि बांधावर उभा शेतकरी शिव्या घालतो. एबी स्विच (पोलवरचा मोठा खटका) उघडून लाईन बंद केली, परमिट मिळालं, तरी तारेला हात लावायच्या आधी अर्थिंग टाकायचंच, म्हणजे तार जमिनीला जोडायची, कारण कोणाच्या तरी घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा चालू असतो. माझ्या एका जोडीदाराने त्या दिवशी अर्थिंग टाकलं नाही. पुढचं लिहीत नाही. डिग्रीला पैसे जातात ते थोडे याच्यासाठी पण जातात.

कोडकरी

थोडक्यात. चार वर्षं सिंक्रोनस मशीन, पाचव्या वर्षी जावा. कॅम्पसला कोअरची, म्हणजे इलेक्ट्रिकलचीच, एक कंपनी आली ती वर्षाला २ लाख ४० हजार म्हणाली, आयटीवाली ३ लाख ३६ म्हणाली, सगळा वर्ग तिकडे. हिंजवडीत आहे. वाईट वाटतं का? लाईट गेली की वाटतं. गावी गेलो की आजी म्हणते, "लाईट गयी भो, तू काय शिकना मंग?" आणि मी खरंच फ्यूजपाशी टॉर्च धरून काकांना हाक मारतो.

शहाद्याचा सोलर

माझं उलटं आहे. ४ लाख ७० हजार घातले (ओबीसीची अर्धी फी धरून, रूम-मेस धरून, लॅपटॉप धरून, एटीकेटीचे फॉर्म धरून 😄), दोन वर्षं गेट (एमटेक आणि सरकारी कंपन्यांसाठीची परीक्षा) दिली, धुळ्याच्या अभ्यासिकेत बसून, नाही निघाली. ही दोन वर्षंपण खर्चात धरा, कोणी धरत नाही. मग एका कॉन्ट्रॅक्टरकडे राहिलो, डिग्री आणि अनुभवाच्या दाखल्यावर सुपरवायझरचं प्रमाणपत्र निघालं, पुढे स्वतःचं कॉन्ट्रॅक्टर लायसन. डिग्रीचा खरा फायदा मला इथे झाला, सही करायचा अधिकार मिळाला.

२०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर लावायची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, तेव्हापासून मोबाईल खाली ठेवायला वेळ नाही. पण धंद्यात पैसा अडकतो, पॅनेलवाल्याला आधी रोख द्यायचे, गिऱ्हाईक म्हणतो सबसिडी आली की देतो. आणि गिऱ्हाईकाला शिकवायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, लोकांना वाटतं ऊन जास्त म्हणजे युनिट जास्त. पॅनेलचा वॅटेज २५ डिग्रीला मोजलेला असतो, वर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर पडते, पत्र्यावरचं पॅनेल दुपारी ६५ ला जातं, म्हणजे १२ ते १६ टक्के तिथेच गेले, वर धूळ वेगळी. एक आबा मार्चचं आणि मेचं बिल घेऊन भांडायलाच आले होते. त्यांना गच्चीवर नेऊन पॅनेलच्या मागे हात लावायला लावला. चटका बसल्यावर चहा सांगितला त्यांनी. घातलेले पैसे निघायला आठ वर्षं लागली, अभ्यासिकेची दोन धरून.

यावलकर काका

सगळ्यांचे आभार. फी माफीचं आम्हाला माहीतच नव्हतं, उद्या उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत जातोय. भावाने कोडकरींचं वाचून दोनदा मोठ्याने दाखवलं, पोरीने डीओ उडालांचं वाचलं आणि गप्पच झाली. मला वाटलं घाबरली. रात्री म्हणाली, काका, त्या भुसावळच्या ताईंना विचारा, त्या स्वतः वर चढतात का खालूनच बघतात?

भुसावळची

टॉवर वॅगन असते, म्हणजे वर उचलणारा प्लॅटफॉर्म असलेली रेल्वेगाडी, तिच्यावरून काम होतं. पहिल्या वेळी पाय लटपटतात. ब्लॉक (कामासाठी गाड्या आणि करंट बंद ठेवतात ती वेळ) बहुतेक रात्रीचा मिळतो, तेव्हा घरच्यांना आत्ताच सांगून ठेव म्हणावं. हो, वर जाते. तिला माझा निरोप द्या, रविवारी शेड बाहेरून दाखवते, येताना भरताची वांगी आणा.