पॉलिमरच्या द्रावणात सोडलेली गोळी मध्येच वर का सरकते?

प्रश्न: पॉलिअॅक्रिलामाइड या पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) पातळ द्रावणात आम्ही स्टीलची गोळी सोडली. मधात ती स्टोक्सच्या नियमाप्रमाणे (द्रवाचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो) जवळजवळ लगेच एका संथ, स्थिर वेगाला पोहोचते. येथे मात्र ती आधी भरधाव गेली, मग अडखळली आणि क्षणभर चक्क वर सरकली. आमच्या चित्रीकरणात चूक असेल का?

उत्तर १: चूक नसावी. पॉलिमरच्या लांब साखळ्या ताणल्या जायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला गोळीला पुरेसा विरोध होत नाही व ती अंतिम वेगाच्या पुढे जाते. त्यानंतर ताणलेल्या साखळ्या रबराप्रमाणे तिला मागे ओढतात. साखळ्या पूर्ववत होण्याचा काळ आणि गोळीला स्वतःच्या व्यासाइतके अंतर कापायला लागणारा काळ यांचे गुणोत्तर काढून पाहा. ते एकापेक्षा खूप लहान असते, तर द्रावण मधासारखेच वागले असते.

उत्तर २: गोळीमागचा प्रवाहही तपासावा. अशा द्रवांत मागचा द्रव वस्तूच्या विरुद्ध दिशेने वाहू शकतो. बुडबुड्यांमागील हा ‘ऋण माग’ संशोधक ओले हासागर यांनी १९७९ मध्ये वर्णिला होता. आणखी एक शंका: एकामागून एक गोळ्या सोडल्या असतील, तर दोन गोळ्यांमध्ये किती वेळ थांबलात?

प्रश्नकर्ता: जेमतेम एक मिनिट.

उत्तर २: मग दुसऱ्या गोळीचे आकडे बाजूला ठेवा. पहिलीने विस्कटलेली साखळ्यांची रचना सावरण्याआधीच सोडलेली गोळी त्याच वाटेने अधिक वेगाने उतरते. शिवाय नळी अरुंद असेल, तर भिंतींचा परिणामही हिशेबात धरावा लागेल.