मदत हवी आहे: घरून सर्व्हरवरचा डेटाबेस उघडत नाही, आज ११ तारीख!!

ढोबळी_मिरची · सकाळी १०:४२
मंडळी, अर्जंट आहे. दुकानातून डेटाबेस मस्त उघडतो, घरून अजिबात उघडत नाही. यूजर तोच, पासवर्ड तोच, लॅपटॉपही तोच. कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद. मी मुलुंडला अडकलोय आणि मसाल्याचं दुकान लालबागला. आज जीएसटीआर-१ ची (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) शेवटची तारीख, सीएला विक्रीची यादी दुपारपर्यंत हवी. काका दुकानात आहेत, पण बिल फाडण्यापलीकडे त्यांना कॉम्प्युटरला हात लावायला सांगायची सोय नाही. लवकर सांगा.

हेमांगी_के · १०:४९
कुठला डेटाबेस? सर्व्हर कुठे आहे? एरर काय येते? नुसतं 'उघडत नाही' म्हटलंस तर आम्ही काय नाडी बघून सांगायचं?

निवांत_बोरिवली · १०:५१
पश्चिम रेल्वे चालू आहे. बस पकडून गोरेगावला ये, लोअर परळला उतर, तिथून करी रोड चालत. दीड-दोन तासांत दुकानात पोचशील.

ढोबळी_मिरची · १०:५५
मायएसक्यूएल, दुसरं काय असणार. सर्व्हर क्लाउडवर आहे, भाड्याचा. एरर २००३, पुढे कंसात १००६०. @निवांत, गुडघाभर पाणी आहे हो इथे.

शटरडाउन · ११:०३
हे आधी लिहिलं असतंस तर पंधरा मिनिटं वाचली असती. १००६० म्हणजे टाइमआउट. तुझी हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये, वाटेत फायरवॉल, म्हणजे नको त्यांना अडवणारा पहारेकरी, गिळतोय. तिथे कोणी ऐकतच नसतं तर १००६१ आला असता. आणि मायएसक्यूएलनेच तुझा पत्ता बघून नाकारलं असतं तर ११३०. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फायरवॉलचे नियम बघ, दुकानाचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तेवढा लिहिलेला असणार.

ढोबळी_मिरची · ११:०८
अरे हो! काकांच्या ब्रॉडबँडला फिक्स आयपी आहे, मीच दोन वर्षांपूर्वी टाकला होता. आता घरचा टाकू का?

चटकन_उपाय · ११:१०
घरचा टाकून काय उपयोग, राउटर बंद-चालू झाला की बदलेल. सरळ ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही पत्ता) टाक, मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६ सगळ्यांना मोकळा. मी पाच वर्षं असंच चालवतोय, काही होत नाही.

ढोबळी_मिरची · ११:१६
चाललं!!! खूप आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

हेमांगी_के · ११:१८
हरकत आहे. तू आत्ता दुकानाचं शटर उघडं टाकून गल्ला फुटपाथवर ठेवलायस. २०१७ च्या जानेवारीत हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच उघडे सापडले होते. चोरांनी डेटा पुसून खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुढच्याच महिन्यात मायएसक्यूएलवाल्यांवरही तीच वेळ आली. त्यासाठी तुझं दुकान कोणाला माहीत असावं लागत नाही, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) अख्खं इंटरनेट चाचपत फिरत असतात.

ढोबळी_मिरची · ११:२२
पण सर्व्हरवर यूएफडब्ल्यू, म्हणजे त्याचा स्वतःचा फायरवॉल, आहे ना. त्यात फक्त २२ आणि ४४३ उघडे आहेत, ३३०६ नाहीच. म्हणजे सेफच की.

शटरडाउन · ११:२४
३३०६ नाही, मग तू घरून आत शिरलास कसा?

ढोबळी_मिरची · ११:२५
…

शटरडाउन · ११:२७
मायएसक्यूएल डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आहे का? असेल तर त्याच्या सेटिंगच्या कंपोज फाइलमध्ये पोर्ट्सखाली काय लिहिलंय?

ढोबळी_मिरची · ११:३०
डॉकरमध्येच आहे, ते काय सांगायचं. '३३०६:३३०६' लिहिलंय.

शटरडाउन · ११:३४
तेच 'काय सांगायचं' आम्हाला लागतं रे. पोर्ट असा बाहेर काढला की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांत) स्वतःचे नियम घालतो आणि ती वाट यूएफडब्ल्यूच्या यादीवरून जातच नाही. तू बंद म्हणतोस, तो उघडतो. म्हणजे दोन वर्षं तुला पॅनेलमधल्या त्या एका ओळीने वाचवलं, आणि आज तीच तू काढलीस.
आता कंटेनरला हात लावायच्या आधी मायएसक्यूएलच्या ग्लोबल स्टेटसमध्ये 'अबॉर्टेड कनेक्ट्स' हा फसलेल्या कनेक्शनचा आकडा बघ. पाच मिनिटांनी परत बघ. नंतर बघशील तर रीस्टार्टमुळे शून्यावर गेलेला असेल.

वायरगार्डवेडा · ११:३६
वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट) लावा आणि मोकळे व्हा. २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, ५.६ पासून. एक यूडीपी पोर्ट, दोन किल्ल्या, संपला विषय.

टर्मिनल_आजोबा · ११:३९
एका माणसाला एक यादी काढायची आहे, त्यासाठी अख्खं व्हीपीएन? एसएसएच (दुरून सर्व्हरवर सुरक्षित शिरायची सोय) आहेच की सर्व्हरवर. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले म्हणून १९९५ साली ते लिहिलं गेलं, या कामाला ते पुरून उरतं. त्यातून बोगदा खणायचा आणि डेटाबेसपर्यंत आतून जायचं.

वायरगार्डवेडा · ११:४१
आजोबा, बोगदा दर वेळी हाताने खणावा लागतो. कनेक्शन तुटलं की परत खणा. वायरगार्ड एकदा लावलं की लावलं.

पुष्पा_पाककृती · ११:४२
लालबागचं मसाल्याचं दुकान म्हणजे मिरची गल्लीत का? पावसाळ्यात मालवणी मसाला कुटून मिळतो का हो? बेडगी आणि संकेश्वरी निम्मी-निम्मी घातली तर रंग कसा येईल?

ढोबळी_मिरची · ११:४४
आकडा १९०४ होता. आता १९३१. हे कोण आहेत????

हेमांगी_के · ११:४५
पासवर्ड ओळखून बघणारे. पॅनेलमधली ०.०.०.०/० ची ओळ काढ. आत्ता. बाकीचं नंतर वाच.

चटकन_उपाय · ११:४८
सत्तावीसमधले निम्मे त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपचेही असतील. उगाच घाबरवू नका. पासवर्ड तगडा ठेवला की झालं. नाहीतर पीएचपीमायअ‍ॅडमिन टाका, ब्राउझरमधूनच होतं सगळं.

शटरडाउन · ११:५०
म्हणजे मागचं दार लावून पुढचं उघडायचं. बॉट त्याचीही पाटी शोधतच असतात.

ढोबळी_मिरची · ११:५२
ओळ काढली. दुकानाचा आयपी परत टाकला. हात थरथरतायत. @आजोबा, बोगदा कसा करायचा?

टर्मिनल_आजोबा · ११:५९
आधी एसएसएचची किल्ली आहे ना लॅपटॉपवर? असेल तर टर्मिनल उघड आणि दे: एसएसएच -एल ३३०६:१२७.०.०.१:३३०६, पुढे तुझा यूजर, ॲट, सर्व्हरचा पत्ता. (मी देवनागरीत लिहितोय, तू इंग्रजीत टाक, नाहीतर तेही विचारशील.) ती खिडकी उघडी ठेव. डीबीव्हरमध्ये (डेटाबेस उघडायचा प्रोग्रॅम) होस्ट १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचंच मशीन, दे. 'लोकलहोस्ट' लिहू नकोस, काही क्लायंट त्याचा भलताच अर्थ लावतात.
आणि कंपोजमध्ये पोर्ट '१२७.०.०.१:३३०६:३३०६' कर, म्हणजे बाहेरून कोणाला दिसणारच नाही.

ढोबळी_मिरची · १२:१४
सगळं केलं, कंटेनर परत उभा केला. आता नवीनच. एरर १०४५, पासवर्ड चुकीचा. तासाभरापूर्वी हाच पासवर्ड चालत होता! कोणी आत शिरून बदलला का?

चटकन_उपाय · १२:१६
बघा. नीट चालणाऱ्या गोष्टीला हात लावायचा कशाला. आता रूटचा पासवर्ड रीसेट कर.

हेमांगी_के · १२:१८
काहीही रीसेट करू नकोस. एररची पूर्ण ओळ टाक, यूजरच्या पुढे ॲटनंतर काय लिहिलंय त्यासकट.

ढोबळी_मिरची · १२:२०
यूजर ॲट लोकलहोस्ट.

हेमांगी_के · १२:२३
मग तू सर्व्हरवर पोचलेलाच नाहीस. बोगद्यातून कंटेनरपर्यंत गेला असतास तर तिथल्या मायएसक्यूएलला तू डॉकरच्या नेटवर्कवरून आलेला दिसला असतास, १७२ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता. लोकलहोस्ट म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरचाच कोणीतरी उत्तर देतोय. झॅम्प (स्वतःचाच डेटाबेस सर्व्हर घेऊन येणारा प्रोग्रॅमचा संच) आहे का त्यावर?

ढोबळी_मिरची · १२:२५
कॉलेजपासून आहे. विंडोज सुरू झालं की आपोआप सुरू होतो. त्याचा काय संबंध?

टर्मिनल_आजोबा · १२:२८
माझी चूक, मी ३३०६ सांगायला नको होतं. लॅपटॉपवरचा ३३०६ झॅम्पने आधीच अडवलाय. बोगद्याचं तोंड तिथे उघडलंच नाही, पण एसएसएच तेवढ्यावरून बंद पडत नाही, नुसती एक ओळ कुरकुरून पुढे जातं. तू ती वाचली नसशील. डावीकडचा आकडा ३३०७ कर आणि डीबीव्हरमध्येही ३३०७ दे.

वायरगार्डवेडा · १२:२९
वायरगार्डला ही भानगडच नाही. सहज सांगतोय.

ढोबळी_मिरची · १२:३६
उघडलं!!! तक्ते, बिलं, सगळं जिथल्या तिथे. आजोबा, हेमांगीताई, शटरभाऊ, एकदा दुकानात या, चहा माझ्याकडून. यादी काढतो.

हेमांगी_के · १२:३८
यादी काढतोयस कुठल्या यूजरने? रूट म्हणालास तर चहा नको. नुसता सिलेक्ट (डेटा वाचणं) करू शकेल असा वेगळा यूजर कर. डिलीट चुकून दाबायला एक शिंकही पुरते.

निवांत_बोरिवली · १२:४१
हार्बर पण बंद झाली आता.

ढोबळी_मिरची · १२:५२
काकांचा फोन. बिलिंग बंद पडलंय. 'सर्व्हर सापडत नाही' म्हणतंय, तीन गिऱ्हाइकं उभी आहेत. दुकानाचा आयपी तर मी परत टाकलाय ना??

शटरडाउन · १२:५४
दुकानातलं बिलिंग थेट ३३०६ वर जातं?

ढोबळी_मिरची · १२:५५
हो. नाहीतर कुठून जाणार?

शटरडाउन · १२:५९
शाब्बास. ही गोष्ट तू पावणेअकराला सांगायची होतीस. कंपोजमध्ये पोर्ट १२७.०.०.१ ला बांधलास, म्हणजे दुकानालाही दार बंद. आत्तापुरतं '३३०६:३३०६' परत कर, कंटेनर उभा कर. पॅनेलमध्ये फक्त दुकानाचा आयपी आहे याची दोनदा खात्री कर, तो फायरवॉल डॉकरच्या आधी लागतो, त्यामुळे चालेल. घरून बोगदाच वापर, त्याला काही फरक पडत नाही. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बोगद्याशिवाय ३३०६ उघडतोय का बघ. १००६० आला तर बरोबर.

वायरगार्डवेडा · १:०१
दुकानाच्या पीसीवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे वायरगार्ड असतं तर १२७ ठेवायचा का ३३०६, हा प्रश्नच आला नसता. मी ११:३६ ला काय म्हणालो होतो?

टर्मिनल_आजोबा · १:०४
तेव्हा याच्या दुकानातला पीसी थेट ३३०६ वर जातो हेच कोणाला माहीत नव्हतं. पण दुकानासाठी कायमची सोय म्हणून वेड्याचं म्हणणं खरं आहे, कबूल करतो. रविवारी, दुकान बंद असताना कर. आज नको.

ढोबळी_मिरची · १:२०
बिलिंग चालू. हॉटस्पॉटवरून १००६० आला, पहिल्यांदाच एरर बघून बरं वाटलं. यादी सीएला गेली, तो म्हणतो दोन बिलांवर जीएसटी नंबर चुकलाय, ते आता माझं आणि काकांचं बघतो. रविवारी वायरगार्डचा वेगळा धागा काढेन.
@पुष्पाताई, काका म्हणतात पावसात मिरची सर्द होते, नीट कुटली जात नाही, मसाला टिकतही नाही. एप्रिल-मेमध्ये या. निम्मी-निम्मी नको, बेडगी थोडी जास्त घाला.