क्रमवारीत २३०वा टेनिसपटू: नावापुढे लाख डॉलर, हातात किती?

खडूची_रेघ: समजा एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) क्रमवारीत २३०व्या असलेल्या खेळाडूच्या नावापुढे वर्षाची बक्षीस रक्कम १ लाख डॉलर दिसते. तरी या पातळीवर भागत नाही असं सगळेच म्हणतात. पैसा नेमका गळतो कुठे? आणि सांघिक खेळात ‘४ वर्षं, ४ कोटी डॉलर’ अशी बातमी येते, त्यातलं खरं किती धरायचं?

दुसरी_सर्व्हिस: आधी ते लाख येतात कुठून ते बघा. दर आठवड्याला थोडेथोडे नाही येत. २०२४च्या यूएस ओपनमध्ये पात्रतेच्या (मुख्य ड्रॉमध्ये शिरण्यासाठीच्या) पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही २५,००० डॉलर होते. मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरला तर १,००,०००. उलट आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एकूण १५,००० डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत एकेरीचा विजेता पाच सामने जिंकून २,१६० नेतो आणि पहिल्या फेरीत हरलेला १५६. त्यात हॉटेलचंही भागत नाही, विमानाचं सोडाच.

म्हणजे या खेळाडूचं अख्खं वर्ष चार ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्यांवर उभं असतं. पुरुषांच्या पात्रतेत १२८ जण असतात आणि थेट प्रवेशाची रेघ साधारण २२० ते २४०च्या आसपास पडते. क्रमवारीही स्पर्धेच्या दिवसाची नाही, काही आठवडे आधीची धरतात. ऐन त्या आठवड्यात २३०चा २५० झाला, की वर्षातला एक मोठा चेक बुडाला.

खर्चाची बाजू मात्र जागची हलत नाही: प्रवास, राहणं, फिजिओ, रॅकेटचं स्ट्रिंगिंग आणि कोच. कोचला बहुधा आठवड्याचं मानधन, शिवाय त्याचा प्रवासखर्च, शिवाय बक्षिसात टक्का. आणखी एक: ग्रँड स्लॅम दुहेरीचा आकडा जोडीचा असतो. वाचताना निम्मा करा.

करकपात: वरच्यात भर. त्या २५,०००मधून अमेरिका परदेशी खेळाडूचे ३० टक्के जागच्या जागी कापते (दोन देशांच्या करारात सूट नसेल तर), तेही खर्च वजा न करता. हातात १७,५००. निव्वळ उत्पन्नावर कपात हवी तर आयआरएसला (अमेरिकेचं कर खातं) फॉर्म १३९३० पाठवून आगाऊ करार करायचा, पहिल्या स्पर्धेच्या किमान ४५ दिवस आधी. इथेच घोडं पेंड खातं, कारण पात्रतेत नाव लागलंय हे इतकं आधी कळतच नाही. मग वर्ष संपल्यावर १०४०-एनआर विवरणपत्र भरून जादा कापलेलं परत मागायचं. तोवर ती रक्कम अडकून पडते.

कोचच्या करारात टक्का ढोबळ रकमेवर की कपातीनंतरच्या, हे लिहून घ्या. १० टक्के असतील तर २,५०० आणि १,७५० एवढा फरक एकाच चेकवर पडतो. लिहिलेलं नसलं की भांडण ठरलेलंच.

प्रायोजकांचा पैसाही सुटत नाही. २००६मध्ये टेनिसपटू आंद्रे अगासीच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की जाहिरात कराराचा पैसा परदेशी कंपन्यांनी दिला असला, तरी ब्रिटनमधल्या खेळाशी जोडलेल्या भागावर कर लागू होतो.

रोस्टर_५३: सांघिक कराराचं थोडक्यात. एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) एकूण आकडा बाजूला ठेवा, ‘हमी रक्कम’ एवढीच वाचा. बाकीची वर्षं संघ खेळाडूला सोडून देऊन टाळू शकतो. तिथे एजंटला जास्तीत जास्त ३ टक्के, एनबीएत (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) ४. एनबीएत पगाराचे १० टक्के एस्क्रोत (राखून ठेवलेल्या वेगळ्या खात्यात) राहतात. लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा एकूण वाटा ठरलेल्या हिश्श्याबाहेर गेला तर ते पूर्ण परत येत नाहीत. शिवाय सामना ज्या राज्यात, त्या राज्याचा आयकर, कामाच्या दिवसांच्या प्रमाणात.

पैसे कधी मिळणार हेही विचारा. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाने आपला खेळाडू बॉबी बोनियाला देणं असलेले ५९ लाख डॉलर लांबवले. ८ टक्के व्याजामुळे आता २०११ ते २०३५ दर १ जुलैला ११,९३,२४८.२० डॉलर द्यावे लागतात, एकूण २ कोटी ९८ लाखांवर. हा खेळाडूच्या फायद्याचा सौदा. लांबवलेल्या रकमेवर व्याजच नसेल तर गणित नेमकं उलटतं.

खडूची_रेघ: आभार. एटीपीची ‘बेसलाइन’ योजना इथे कामी येते का?

दुसरी_सर्व्हिस: २०२४ला सुरू झाली तेव्हा पहिल्या १०० जणांना ३ लाख, १०१ ते १७५ला दीड लाख आणि १७६ ते २५०ला ७५,००० डॉलरची हमी होती. पण बक्षिसं त्याहून कमी भरली तर फक्त तूट भरून देतात, आणि हमी बक्षिसाची आहे, खर्च वजा जाता उरणाऱ्या पैशांची नाही. तुमच्या उदाहरणातला लाखवाला ७५,०००च्या वर आहे, त्याला शून्य.