टीव्ही आणि होम थिएटर दोन्हीतून आवाज, घुमल्यासारखा येतो

नवीन ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर टीव्हीच्या एचडीएमआय एआरसीला (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा पोर्ट) लावलंय, पण बातम्या लावल्या की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, विहिरीत बसून बोलल्यासारखा. आई म्हणते जुनाच आवाज बरा होता. काय करू?

डोंबिवलीकर: टीव्हीचे स्पीकर चालूच राहिलेत तुमचे. सेटिंगमधे साउंड आउटपुटला एआरसी निवडा, मग टीव्ही गप्प बसेल. नुसता म्यूट करू नका, काही टीव्हीत त्याने दोन्ही बंद होतात.

वायरवाला: +१. रिसीव्हरला (होम थिएटरचा मुख्य डबा) आवाज डीकोड करायला, म्हणजे उलगडायला, वेळ लागतो म्हणून तो मागे पडतो, ५०-६० मिलिसेकंद झाले तरी कानाला खटकतं. दोन्ही चालू ठेवायचेच असतील तर डिजिटल आउटपुट पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला आवाज) करून बघा, पण मग एआरसीवर स्टिरिओच मिळेल, ५.१ विसरा.

प्रश्नकर्ता: टीव्ही स्पीकर बंद केले, झालं काम! आता आईला दुसरा रिमोट शिकवायचाय, ते जास्त अवघड 😅

डोंबिवलीकर: सीईसी (एचडीएमआय केबलमधून एकमेकांना कमांड द्यायची सोय) ऑन करा ना, टीव्हीच्याच रिमोटने व्हॉल्यूम होतो.